घरच्या आर्केडसाठी वापरलेला मॉनिटर निवडताना

आर्केडच्या कॅबिनेटसाठी, म्हणजे जुने व्हिडिओ खेळ उभ्याने खेळायच्या लाकडी पेटीसाठी, जुना मॉनिटर शोधताना बहुतेक जण आधी इंच विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न पडद्याच्या लांब आणि आखूड बाजूंच्या प्रमाणाचा असावा. १९८० सालचा पॅक-मॅन उभ्या पडद्यावर चालत असे, तर १९९१ सालचा स्ट्रीट फायटर टू आडव्या पडद्यावर; पण दोघांच्याही पडद्याचे प्रमाण ४:३ हेच होते. २४ इंची १६:९ मॉनिटरची उंची पावणेबारा इंचांच्या आसपास भरते आणि २० इंची ४:३ मॉनिटरची बारा इंच, म्हणजे नावाने लहान असलेल्या मॉनिटरवरच या खेळांचे चित्र किंचित मोठे दिसते. पूर्वी कार्यालयांत वापरले जाणारे १६०० बाय १२०० पिक्सेलचे मॉनिटर या कामासाठी उत्तम आहेत. १२८० बाय १०२४ चे १७ किंवा १९ इंची मॉनिटर अधिक सहज मिळतात. त्यांचे प्रमाण ५:४ असल्यामुळे आडव्या खेळात वर-खाली बारीक काळ्या पट्ट्या उरतात, पण त्या चालून जातात.

मॉनिटर उभा बसवायचा असेल, तर पॅनेल आयपीएस (बाजूने पाहिले तरी रंग फारसा न बदलणारे) आहे का, हे आवर्जून पाहावे. टीएन हे दुसऱ्या प्रकारचे पॅनेल वरून आणि खालून पाहिल्यास रंग बदलते. ते उभे केले की हाच दोष डाव्या-उजव्या बाजूला येतो आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या खेळाडूला निळे आकाश काळपट दिसू लागते. दुकानातच मॉनिटर उभा धरून हे तपासता येते.

पिक्चर ट्यूबचे चित्र या खेळांना सर्वांत जास्त शोभते, हे मलाही मान्य आहे. मात्र जुन्या आर्केड खेळांचा संकेत साधारण १५ किलोहर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला सुमारे पंधरा हजार आडव्या ओळींचा) असतो आणि संगणकाचे बहुतेक ट्यूब मॉनिटर सुमारे ३० किलोहर्ट्झच्या खाली चालत नाहीत. शिवाय ट्यूबमध्ये वीज बंद केल्यावरही हजारो व्होल्टचा दाब शिल्लक राहू शकतो, म्हणून अनुभव नसलेल्याने तिचे मागचे झाकण कधीही उघडू नये.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात विक्रेता रंगीत वॉलपेपर लावून दाखवतो, आणि त्यावर मेलेला पिक्सेल, म्हणजे कायमचा बिघडलेला ठिपका, सहसा दिसत नाही. काळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या व निळ्या रंगांची सपाट चित्रे पेनड्राइव्हवर न्यावीत आणि ती एकेक करून पडदाभर लावून पाहावीत. पांढऱ्यावर कडा पिवळट दिसल्या, तर आतल्या बॅकलाइटच्या (पडद्याला मागून उजेड देणाऱ्या) नळ्या थकल्या आहेत असे समजावे. मॉनिटर निदान वीस मिनिटे चालू ठेवावा, कारण तापल्यावर लुकलुकणारा मॉनिटर पहिल्या पाच मिनिटांत ठणठणीत वाटतो.

शेवटी मॉनिटर चालू असतानाच भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा लावावा. तो आपोआप सुरू झाला, तर कॅबिनेटच्या मुख्य स्विचवर चालेल; नाही झाला, तर दर वेळी लाकडी चौकटीआड हात घालून त्याचे बटण शोधावे लागेल.