रविवारच्या स्पर्धेआधी: कॅरो-कान खेळणाऱ्यांसाठी

बुद्धिबळात काळ्या सोंगट्या आल्या की कॅरो-कान ही ओपनिंग, म्हणजे डावाची ठरलेली सुरुवात, खेळायची, असं ठरलं असेल तर शनिवारी संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेवून खराखुरा पट मांडा. पांढऱ्याच्या ई-४ ला उत्तर सी-६ आणि डी-४ ला उत्तर डी-५, एवढं सगळ्यांनाच येतं. कस लागतो तिसऱ्या चालीपासून.

पांढऱ्यानं प्यादं ई-५ ला रेटलं, तर आधी उंट एफ-५ ला काढा, ई-६ त्यानंतर. क्रम उलटला तर उंट आपल्याच प्याद्यांमागं कोंडतो, आणि हा उंट मोकळा राहावा म्हणून तर फ्रेंच बचाव (ई-४ ला उत्तर ई-६) सोडून आपण कॅरो-कान धरला. पुढं पांढरा एच-४ खेळला तर थांबा. सवयीनं ई-६ केलंत की जी-४, उंट ई-४, एफ-३, उंट जी-६, एच-५, आणि एखाद्या प्याद्यावर उंट गमावला. पांढऱ्याच्या एच-४ ला आपलं एच-५ हे उत्तर चांगलं. हे नुसतं वाचू नका. पांढऱ्याच्या बाजूला बसून तो उंट स्वतः पकडून बघा, म्हणजे धोका लांबूनच दिसेल.

दुसरी जागा याहून वाईट. तिसऱ्या चालीला पांढऱ्याचा घोडा सी-३ ला, आपण ई-४ वर मारलं, त्यानं घोड्यानं परत मारलं, आपला घोडा डी-७ ला आला आणि त्याचा वजीर ई-२ ला. आता राजाकडचा घोडा एफ-६ ला नेला की पांढरा घोडा डी-६ वर येतो आणि मात! ई-७ चं प्यादं वजिरानं जखडलेलं असतं, हललं तर मागचा राजा उघडा पडतो, त्यामुळं घोडा मारता येत नाही. आधी ई-६ करा. तिसऱ्याच चालीला डी-५ वर प्याद्यांची अदलाबदल झाली तर काळजी नाही, सोंगट्या बाहेर काढून खेळा. नवी ओपनिंग मात्र आदल्या रात्री उघडूच नका.

किल्लेकोट (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) करताना आधी राजाला हात लावायचा, तोही एकाच हातानं. हत्तीला आधी हात लागला तर त्या बाजूचा किल्लेकोट गेला. बरोबरी विचारायची ती चाल खेळून, घड्याळ दाबायच्या आधी. मोबाईल आई-बाबांकडे द्या, खिशात बंद करून ठेवलेलाही चालत नाही.

पावसाळा असेल आणि पन्हाळा, शिरोळकडून यायचं असेल, तर पंचगंगेचं पाणी कुठल्या रस्त्यावर आलंय ते पहाटेच विचारा. सकाळी कटाची मिसळ नको, पोहे बरे. आणि पालकांनो, दोन फेऱ्यांच्या मध्ये पोराला इंजिनवर (बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रामवर) चुका दाखवू नका. पाणी द्या, सावलीत बसवा, पुढच्या फेरीत कोण कोणाशी खेळणार ती जोडी लागली की टेबल नंबर तेवढा सांगा.