ट्रायआउटच्या रात्री फोन येतो, त्याच्या आधी

दरवर्षी एकदा तरी हा फोन येतोच. "दादा, मुलीला क्लब व्हॉलीबॉलची ऑफर आलीये, उद्या रात्री ९ पर्यंत हो की नाही सांगायचंय आणि लगेच डिपॉझिट भरायचंय, काय करू?" आता यावर मी काय सांगणार, जे बघायचं असतं ते ऑफर यायच्या आधी बघायचं असतं, आल्यावर वेळच नसतो. आपल्याला साधी गाडी घ्यायची तरी चार जणांना विचारायचं, भारतात फोन करायचा, मग ठरवायचं अशी सवय, आणि इथे हजारो डॉलरचा आणि अख्ख्या वर्षाचा निर्णय एका रात्रीत. म्हणून मला ठेचकाळून जे कळलं ते एकदाच लिहून टाकतो.

मी मूळचा कराडचा, शिकागोच्या सबर्बमधे येऊन १४ वर्षं झाली. लेक ६ वर्षं क्लब खेळली, जिमच्या लोखंडी बाकांवर बसून माझी पाठ गेली पण खेळ समजला.

आपल्या डोक्यात व्हॉलीबॉल म्हणजे काय, शाळेमागचं मैदान, दोन बांबू, फाटकं नेट, संध्याकाळी ६ ला जो येईल तो खेळणार आणि कोणीतरी एक काका लिफ्टर. निम्म्या गावाला तर व्हॉलीबॉल आणि शूटिंगबॉलमधला फरकही फारसा महत्त्वाचा नव्हता. इथे मात्र तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पार्क डिस्ट्रिक्ट (गावच्या बागा-मैदानं सांभाळणारी सरकारी संस्था) किंवा वायएमसीएचे क्लास आणि लीग, पैसे भरले की प्रवेश, सगळे सारखं खेळतात. (हा खेळ जन्मलाच मुळी वायएमसीएमधे, १८९५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योकला.) मग शाळेची टीम, ज्यात निवड होते पण फी किरकोळ असते. आणि तिसरा क्लब, जो शाळेशी संबंधित नसतो, खाजगी असतो, ट्रायआउट म्हणजे निवड चाचणी घेऊन घेतात, आठवड्याला दोन-तीन प्रॅक्टिस आणि शनिवार-रविवार टूर्नामेंट. मूल नुकतंच भारतातून आलं असेल आणि कधी बॉलला हात लावला नसेल तर सरळ क्लबच्या ट्रायआउटला नेऊ नका, आधी एक सीझन पार्क डिस्ट्रिक्टला घाला, १००-२०० डॉलरमधे कळेल की पोराला खरंच आवडतंय की नुसती मैत्रीण जाते म्हणून जायचंय.

क्लबचा कारभार बहुतेक ठिकाणी यूएसए व्हॉलीबॉल या राष्ट्रीय संघटनेखाली चालतो आणि तिचे देशभर ४० रीजन आहेत. आमच्याकडे ग्रेट लेक्स रीजन, न्यू जर्सीवाल्यांना गार्डन एम्पायर, डॅलसकडे नॉर्थ टेक्सस. तुमचं रीजन कुठलं ते पहिलं शोधा, कारण ट्रायआउटच्या तारखा तेच ठरवतं. वयोगटाप्रमाणे तारखा वेगळ्या, कुठे भर उन्हाळ्यात तर कुठे शाळेचा सीझन संपल्यावर, आणि आपली नेमकी तेव्हा भारतवारी असते! माझ्या ओळखीतले दोघं पुण्यात लग्नाला गेले आणि परत आले तोपर्यंत सगळ्या टीम भरलेल्या. तिकीट काढायच्या आधी रीजनचं कॅलेंडर बघा, एवढं तरी ऐका.

वयोगट इयत्तेवर नसतो, जन्मतारखेवर असतो, आणि हिशोब १ जुलैपासून धरतात. म्हणजे जुलै-ऑगस्टमधे जन्मलेली मुलगी पुष्कळदा वर्गातल्या मैत्रिणींपेक्षा एक गट खाली खेळू शकते, जे नवख्या मुलीला फार सोयीचं पडतं. चालू सीझनचा तक्ता बघून खात्री करून घ्या. आणि १२ अंडर आणि १३ अंडर यात एका वर्षाचाच फरक आहे असं समजू नका. १२ ला मुलींचं नेट २.१३ मीटर आणि बॉल हलका, १३ ला एकदम २.२४ मीटर, म्हणजे ऑलिंपिकमधे बायका खेळतात तीच उंची, आणि बॉलही पूर्ण वजनाचा. आदल्या वर्षी सर्व्हिस धडाधड टाकणारी पोर त्या वर्षी नेटमधे मारत बसते आणि घरी येऊन रडते. जातं ते, तीन-चार महिने लागतात.

कागदांची एक खास आपली भानगड. पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे बापाचं नाव, कधी दोन्ही एकाच रकान्यात, शाळेत नुसतं पहिलं नाव आणि आडनाव, आणि मेंबरशिप भरताना आपण तिसरंच काहीतरी टाकतो. वयाचा पुरावा मागितला की जुळत नाही. पहिल्या दिवसापासून पासपोर्टप्रमाणे भरा. महापालिकेचा जन्मदाखला मराठीत असेल तर तो शोधत बसू नका, आमचं पासपोर्टच्या कॉपीवर काम झालं. मेंबरशिप काढल्याशिवाय ट्रायआउटच्या कोर्टवर पाऊल ठेवू देत नाहीत, त्यामुळे आदल्या रात्रीवर ठेवू नका.

आता मूळ मुद्दा, ती रात्र. ट्रायआउटला पाठीवर नंबर लावतात, दीड-दोन तास ड्रिल आणि थोडं खेळवतात, कोच क्लिपबोर्ड घेऊन फिरतात, आणि त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी फोन किंवा ईमेल. एकदा हो म्हणून सही केली की साधारणपणे तो सीझन तुम्ही त्या क्लबला बांधलेले, मधेच दुसरीकडे जाता येत नाही आणि डिपॉझिट परत मिळत नाही. आम्ही काय केलं सांगतो. लेक १३ ची, दोन ऑफर आल्या, एका नावाजलेल्या क्लबची पहिली टीम आणि एका छोट्या क्लबची दुसरी टीम. आम्ही दोघं हरखून गेलो, पहिली टीम म्हणजे काय! एकही प्रश्न न विचारता डिपॉझिट भरलं. रोस्टरवर (टीमच्या यादीत) १२ मुली होत्या आणि तिच्या पोझिशनला ती चौथी. जानेवारी ते मे, दर टूर्नामेंटला ती बाकावर उभी राहून टाळ्या वाजवत होती, एका रविवारी तर तीन मॅच मिळून मोजून दोन सर्व्हिस. कोच वाईट नव्हती, तिने आम्हाला फसवलंही नव्हतं, आम्ही विचारलंच नव्हतं. पुढच्या वर्षी त्याच पोरीने दुसऱ्या क्लबच्या दुसऱ्या टीममधे प्रत्येक सेट खेळला आणि मग तिचा खेळ उघडला. कॉम्पिटिटिव्ह क्लबमधे सगळ्यांना सारखं खेळवण्याची हमी नसते, बहुतेक क्लब लिहूनच देतात की फी प्रॅक्टिसची आहे, कोर्टवरच्या वेळेची नाही. आपण ती ओळ वाचत नाही.

पैशाबद्दल. वेबसाइटवरचा आकडा म्हणजे फक्त सुरुवात. आमची पहिल्या वर्षीची फी २,६०० डॉलर होती आणि युनिफॉर्म, हॉटेल, पेट्रोल, पार्किंग, बाहेरचं खाणं धरून मे महिन्यात हिशोब ५,००० च्या वर गेला. हो, आपल्याच पोरीची मॅच बघायला बऱ्याच ठिकाणी तिकीट काढावं लागतं, मला पहिल्यांदा कोणीतरी चेष्टा करतंय असं वाटलं. मोठ्या टूर्नामेंटला स्टे-टू-प्ले म्हणून प्रकार असतो, त्यांनी ठरवलेल्या हॉटेलमधेच टीमने उतरायचं, म्हणजे इंडियानापोलिसला मावसभाऊ राहतो आणि त्याच्याकडे गाद्या टाकून झोपू हे चालेलच असं नाही, क्लबला आधी विचारा. टीम नॅशनल आहे की रीजनल हाही प्रश्न विचाराच, कारण नॅशनल म्हणजे विमानं, क्वालिफायर (राष्ट्रीय स्पर्धेसाठीच्या पात्रता टूर्नामेंट), आणि सीझन जूनच्या शेवटापर्यंत किंवा पुढेही लांबणार. रीजनल म्हणजे बहुतेक गाडीने जाण्याइतकं अंतर. आर्थिक मदत पुष्कळ क्लब देतात, मागायला लाजू नका, फक्त ट्रायआउटच्या आधी मागा.

आणि भारतवारी. डिसेंबरच्या सुट्टीत तीन आठवडे जाणार असाल तर कोचला ऑफर घ्यायच्या आधी सांगा. नंतर सांगितलं तर कोच काही बोलत नाही, गोड हसते, पण जानेवारीत पोर बाकावर असते.

टूर्नामेंटचा दिवस कसा असतो हे कोणी सांगत नाही. सकाळी ८ ची पहिली मॅच म्हणजे ७ ला हजर, म्हणजे जानेवारीत काचेवरचा बर्फ खरवडून ५:३० ला निघायचं. आत गेलात की मोठा हॉल, शेजारी शेजारी कोर्ट, सगळीकडून शिट्ट्या, आपली शिट्टी कुठली हेच कळत नाही. चार टीमचा पूल (गट) असेल तर तीन मॅच, दोन सेट २५ चे आणि लागला तर तिसरा १५ चा. आणि मधल्या मॅचला तुमच्या टीमला काम करावं लागतं! लाइन जज, स्कोअरशीट, लिबेरो (फक्त मागे बचाव करणारी खेळाडू) कधी आत-बाहेर होते त्याची नोंद, हे सगळं पोरंच करतात, त्याचं ट्रेनिंग ऑनलाइन घ्यावं लागतं. माझी सासू आली होती तेव्हा म्हणाली, "एवढे पैसे भरून वर पोरीला झेंडा धरून उभं करतात होय?" पण खरं सांगू, नियम जेवढे झेंडा धरून कळले तेवढे खेळून नाही कळले. कामाच्या वेळी मुलगी हॉटेलवर निघून गेली किंवा मोबाइल बघत बसली तर टीमला दंड होतो, त्यामुळे आपली मॅच संपली की चला घरी असं करू नका.

टीव्हीवर आंतरराष्ट्रीय मॅच बघणाऱ्या बाबांसाठी, इथले नियम थोडे वेगळे आहेत. सेटला ६ च्या जागी १२ सब्स्टिट्यूशन, आणि लिबेरो एका रोटेशनमधे सर्व्हिस करू शकते. रेफरीला जाऊन शिकवू नका, मी शिकवलं होतं.

खाण्याचं म्हणाल तर मोठ्या कन्व्हेन्शन सेंटरमधे बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, बाकी जिममधे चालतं. टीम पेरेंट्स एक टेबल मांडतात, प्रत्येकाने काहीतरी आणायचं. आम्ही पहिल्यांदा घाबरत घाबरत पोळीचे रोल नेले, बटाट्याची भाजी भरून, दहा मिनिटांत संपले आणि मग सहा वर्षं तेच आमच्या गळ्यात पडले. मॅचच्या मधे पोटाला जड नको, केळं, रोल, ताक एवढं पुरे.

पालक म्हणून आपण नवीन लोक दोन टोकं गाठतो. एक तर कोचला सर-मॅडम करून काहीच विचारत नाही, नाहीतर स्टँडमधून ओरडून "अगं पुढे ये, पुढे!" करतो. मराठीत ओरडलं तरी कोचला कळतं हो. खेळवलं नाही म्हणून तक्रार असेल तर बहुतेक क्लबमधे २४ तासांचा नियम असतो, मॅच झाल्यावर एक दिवस थांबायचं, आणि पहिलं बोलणं मुलीने स्वतः करायचं. बाप मधे पडला की आधी विचारतात, तिने विचारलं का? हे मला फार जड गेलं.

एक गोष्ट मात्र गप्प बसून सोसायची नाही. कोच आणि मोठ्या माणसांना सेफस्पोर्टचं (खेळात मुलांशी गैरवर्तन होऊ नये यासाठीचं) ट्रेनिंग आणि बॅकग्राउंड चेक लागतो, आणि कोचने मुलीला एकटीला खाजगी मेसेज करायचे नसतात, त्यात आईवडील किंवा दुसरं मोठं माणूस असलंच पाहिजे. तसं दिसलं नाही तर त्याच दिवशी बोला, तिथे २४ तास थांबायचं नसतं.

उंचीचा प्रश्न सगळे विचारतात. आपली पोरं इथल्यांपेक्षा बुटकी, मग काय उपयोग? मिडल ब्लॉकर (नेटजवळ मधे उभं राहून समोरचा फटका अडवणारी) व्हायचं असेल तर अवघड आहे, खोटं का बोलू. पण लिबेरो, डिफेन्सिव्ह स्पेशालिस्ट, सेटर (म्हणजे आपला लिफ्टर), इथे हात, पाय आणि डोकं लागतं. आमची ५ फूट २ ची, सहाही वर्षं मागेच खेळली आणि गुडघ्यांचे पॅड फाडत राहिली. कपड्यांचंही सांगून टाकतो, मुलींचा युनिफॉर्म स्पँडेक्सच्या शॉर्ट्सचा असतो, काही घरांना (आणि काही मुलींनाच) ते अवघड वाटतं, तर लेगिंग चालेल का असं सरळ विचारा, आमच्या टीममधे एक मुलगी सगळा सीझन लेगिंगमधे खेळली आणि कोणी वळूनही बघितलं नाही. शूज मात्र कोर्टचे घ्या, रनिंगचे घालून घोटा मुरगळतो.

कॉलेज स्कॉलरशिपच्या आशेने येत असाल तर आठवीच्या मुलीसाठी कोणी हजार डॉलरचं रिक्रूटिंग (कॉलेज टीममधे निवड होण्यासाठीचं) पॅकेज विकायला आलं की नमस्कार करा. पहिल्या डिव्हिजनचे, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचे, कॉलेज कोच दहावी संपल्यावर १५ जूनच्या आधी मुलीशी रिक्रूटिंगचं बोलूच शकत नाहीत. मुलग्यांना क्लबही कमी, कॉलेज टीम तर फारच कमी, आणि इलिनॉयमधे शाळेचा सीझन वसंतात असल्याने त्यांचं वेळापत्रक सगळं वेगळं, ते तुमच्या शाळेतच विचारा.

तर तो फोन आला की आनंद दाबून ठेवायचा आणि कागद समोर घेऊन विचारायचं. रोस्टरवर किती मुली? माझ्या मुलीच्या पोझिशनला किती, ती त्यात कितवी? कोच नक्की कोण, की अजून ठरायचाय? किती टूर्नामेंट, किती रात्री हॉटेल, शेवटची तारीख कुठली? डिसेंबरमधे तीन आठवडे नसलो तर? मुलीला स्पीकरवर ऐकू द्या. आणि फोन ठेवल्यावर तिलाच विचारा, की पहिल्या टीमच्या बाकावर बसायचंय की दुसऱ्या टीममधे खेळायचंय, ती काय म्हणते ते आम्ही त्या रात्री विचारलं नव्हतं.