सिगरेट सोडली, मग बीपी का उतरत नाही? पहिल्या महिन्यात काय करायचं

आपल्याकडे जेटीवर, रिक्षा स्टँडवर, टपरीवर हे नेहमी ऐकू येतं, बिडी सोडून आठ दिवस झाले, बीपी चेक केलं तर आकडा होता तिथंच, मग कशाला जिवाला त्रास, आण एक. म्हणून हे लिहितोय. आठ दिवसांच्या आकड्यावरून काही ठरवू नका.

एक सिगरेट ओढली की निकोटिनमुळे अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, रक्तवाहिन्या आवळतात, ठोके वाढतात, बीपी चढतं. थोड्या वेळाने ते उतरतं पण तोवर पुढची पेटलेली असते, म्हणजे दिवसभर नुसती चढउतार. शेवटची विझवल्यावर साधारण २० मिनिटांत नाडी आणि बीपी खाली यायला लागतं, एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइडही जातो. पण शांत बसून मोजलेलं बीपी प्रत्येकाचं खूप उतरेलच असं नाही, आणि नाही उतरलं तरी फायदा होतच असतो. हृदयविकाराचा सिगरेटमुळे वाढलेला धोका साधारण वर्षभरात निम्म्यावर येतो. हे बीपीच्या मशीनवर दिसत नाही.

आता मोजायचं कसं. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू काही नको. लघवीला जाऊन या, मग पाठ टेकून ५ मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर. मासळीची टोपली उचलून किंवा घाटी चढून आल्या आल्या पट्टा बांधलात तर आकडा वरच येणार. एक-एक मिनिटाने दोनदा मोजा, सकाळ-संध्याकाळ, आणि वहीत लिहा. घरी सरासरी १३५/८५ किंवा वर राहत असेल तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. बीपीची गोळी चालू असेल तर सिगरेट सुटली म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका, हे फार लोक करतात.

चहाचं बहुतेकांना माहीतच नसतं. सिगरेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन भराभर संपवतं, ओढणं थांबलं की तेच कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. मग तितकाच चहा घेऊनही छाती धडधडते, झोप उडते, आणि माणसाला वाटतं सिगरेट सोडल्याचा त्रास होतोय. म्हणून पहिल्याच दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा. टपरीवर चहा आला की हात आपोआप खिशात जातो, तो प्रश्नही थोडा सुटतो.

दुसरं म्हणजे तोंड चालू ठेवायला आपण काय खातो. फरसाण, पापड, सुकट, भाजलेले बोंबील, जेवणात खारं आणि वर लोणचं, सगळं मीठच. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि तेवढं नुसत्या खाऱ्या मासळीतच संपतं. त्यापेक्षा काकडी, शहाळं, बडीशेप, बिनमिठाचं कोकम पाणी. (किडनीचा त्रास असेल तर शहाळं डॉक्टरांना विचारूनच.) सोडल्यावर बऱ्याच जणांचं वजन ४-५ किलो वाढतं आणि वजनाबरोबर बीपीही, म्हणून रोज अर्धा तास किनाऱ्यावरून भरभर चालायचं.

सिगरेट सोडून मशेरी लावायची किंवा तंबाखू मळायची, हे सोडणं नव्हे. निकोटिन तेच, बीपी तसंच चढतं.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, चिडचिड होणारच, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढा. जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट नंबर आहे, पाकिटावरही छापलेला असतो. निकोटिन गम किंवा गोळ्या हव्या असतील तर बीपी आहे हे डॉक्टरांना आधी सांगा, काही गोळ्यांनी बीपी वाढू शकतं.

आणि आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलणं अडखळतंय किंवा एक बाजू लुळी पडतेय असं असेल तर सकाळची वाट बघू नका, तडक १०८ ला फोन लावा.