टच फोन नवीन आलाय हातात? आधी एवढं करून ठेवा

बटणांचा फोन सोडून पहिल्यांदा टच फोन घेतला की बहुतेकांना एकच धास्ती असते, चुकून भलतंच काहीतरी दाबलं जाईल आणि फोन बिघडेल. ते आधी डोक्यातून काढा. नुसतं बोट लागून फोन बिघडत नाही. कुठेतरी भलतीकडे गेलात तर खालचं मधलं बटण दाबा, बटण नसेल तर स्क्रीनच्या तळापासून बोट वर सरकवा, परत पहिल्या पानावर येता, विषय संपला. नुकसान होतं ते वेगळ्याच वेळी, जेव्हा समोरून कोणीतरी "हे दाबा, आता ते दाबा, लवकर करा" असं म्हणत असतं आणि आपण मुकाट्याने दाबत जातो. तेव्हा बिनधास्त हाताळून बघा, फक्त दुसऱ्याच्या सांगण्यावरून घाईत काही दाबू नका.

आता बोटाचं. नवीन माणूस बटण दाबल्यासारखं जोर लावून दाबतो आणि बोट तसंच धरून ठेवतो, तिथेच घोळ होतो. या स्क्रीनला जोर कळत नाही, बोटातून जो अगदी बारीक विजेचा फरक पडतो तो कळतो, म्हणून तर नखाने किंवा साध्या हातमोज्याने काही होत नाही आणि ओल्या हाताने स्क्रीन वेड्यासारखी वागते. बोट नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. धरून ठेवलं की फोनला वाटतं तुम्हाला काहीतरी वेगळं करायचंय, मग अ‍ॅपचं चित्र हलायला लागतं नाहीतर छोटी यादी उघडते. त्यात रिमूव्ह म्हटलं तर फक्त समोरचं चित्र जातं, अ‍ॅप आत असतंच, खालून वर सरकवून सगळ्या अ‍ॅपच्या यादीत बघा, सापडेल. अनइन्स्टॉल म्हटलं तर मात्र अ‍ॅप खरंच जातं. अर्ध्या लोकांचं "माझं अमुकतमुक गायब झालं" हे या रिमूव्हमुळेच असतं.

पहिलं काम लॉक. चार आकडी पिनची १०,००० कॉम्बिनेशन होतात, सहा आकडीची १० लाख, त्यामुळे सहाच घ्या, आणि जन्मसाल, गाडीचा नंबर, १२३४५६ हे नको. रेघा ओढायचा पॅटर्न बऱ्याच जणांना आवडतो पण मला तो पटत नाही, बोटाला तेलकटपणा असतोच, फोन उजेडात जरा तिरका धरला की काचेवर अख्खी रेघ उमटलेली दिसते, आणि मागून बघणाऱ्यालाही आकड्यांपेक्षा आकार लक्षात ठेवणं सोपं. बोटाचा ठसा सोयीचा आहे, जरूर लावा, ज्यांची बोटं कोरडी पडलेली असतात किंवा कामाने घासलेली असतात त्यांनी एकाच अंगठ्याचा ठसा दोनदा नोंदवला तर पटकन उघडतो. पण ठसा आहे म्हणून पिन विसरू नका, फोन बंद करून चालू केला की पहिल्यांदा तो पिनच मागतो. आणि स्क्रीन आपोआप बंद व्हायची वेळ अर्धा-एक मिनिट ठेवा, दहा मिनिटं ठेवली तर लॉक असून नसल्यासारखं.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. लॉक लावलेला फोन टेबलावर पडलाय, बँकेचा मेसेज येतो, आणि स्क्रीनवर ओटीपी अख्खाच्या अख्खा दिसतो, लॉक न उघडता. म्हणजे दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन किंवा लॉक स्क्रीन असं काहीतरी सापडेल, प्रत्येक कंपनीने नावं थोडी वेगळी ठेवलीयत, तिथे खाजगी मजकूर लपवा असा पर्याय असतो तो चालू करा. मेसेज आलाय एवढं दिसेल, काय आलंय ते उघडल्यावरच.

याच्याच पुढचं म्हणजे सिम. चोराला तुमचा फोन उघडता आला नाही तरी तो सिम काढून स्वतःच्या फोनमध्ये घालू शकतो आणि मग सगळे ओटीपी त्याच्याकडे. त्यासाठी सिमलाच वेगळा पिन लावता येतो, सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये सिम लॉक म्हणून असतं. पण हे लावायच्या आधी सिमचा मूळ पिन कंपनीकडून विचारून घ्या, अंदाजाने टाकत बसू नका, कारण तीनदा चुकला की सिम अडकतं आणि पीयूके नावाचा आठ आकडी कोड लागतो, तोही दहा वेळा चुकला की ते कार्ड कायमचं गेलं, नवीनच घ्यावं लागतं. एवढी कटकट नको असेल तर निदान फोन हरवल्यावर सिम लगेच बंद करायचा नंबर कुठेतरी लिहून ठेवा.

लिहून ठेवा म्हणजे कागदावर बरं का. फोन हरवल्यावर लागणारी माहिती फोनमध्येच ठेवणारे महाभाग कमी नाहीत. कागदावर काय काय हवं, तर फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, तो *#०६# डायल केलं की स्क्रीनवर येतो, १५ आकडी असतो आणि दोन सिमच्या फोनला दोन असतात, मग बँकेचा नंबर, घरातल्या दोघातिघांचे नंबर आणि फोनमध्ये जे गूगल अकाउंट टाकलंय त्याचा पत्ता. हे शेवटचं महत्त्वाचं आहे कारण बऱ्याचदा फोन दुसऱ्याच कोणीतरी चालू करून दिलेला असतो, भाच्याने नाहीतर शेजारच्या मुलाने, आणि अकाउंट कुठलं, पासवर्ड काय, हे मालकालाच माहीत नसतं. असं असेल तर आजच त्याला विचारा आणि पासवर्ड स्वतः बदलून घ्या.

आता अ‍ॅप. नियम सोपा, अ‍ॅप घ्यायचं ते फोनमधल्या अधिकृत स्टोअरमधूनच, म्हणजे प्ले स्टोअरमधून, मेसेजमध्ये आलेली फाईल दाबून नाही. कसलं तरी निमंत्रण, थकलेलं बिल, दंडाची पावती अशा नावाने फाईल येते, आणि नावाच्या शेवटी बघितलं तर एपीके लिहिलेलं असतं. फोटोच्या शेवटी जेपीजी असतं, कागदपत्राच्या शेवटी पीडीएफ, एपीके म्हणजे अख्खं अ‍ॅप, निमंत्रणाला अ‍ॅप कशाला लागेल? चुकून दाबलंत तरी अँड्रॉइड, म्हणजे फोन चालवणारी मूळ यंत्रणा, आधी अडवतो, या ठिकाणाहून अ‍ॅप टाकायला परवानगी द्यायची का असं विचारतो. तिथे मागे फिरा, काहीही बिघडलेलं नसतं. पाठवणारा ओळखीचा असला तरी मागे फिरा, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असू शकतो आणि ती फाईल त्याने पाठवलेलीच नसते.

स्टोअरमधलं सगळं चांगलं असतंच असंही नाही. समजा तुम्ही बॅटरीचा म्हणजे टॉर्चचा अ‍ॅप घेतला, जो मुळात घ्यायचीच गरज नाही कारण वरून खाली बोट ओढलं की फोनचा स्वतःचा टॉर्च तिथेच असतो. पण घेतला. उघडला तर पहिला प्रश्न, कॉन्टॅक्ट बघू देणार का? दुसरा, लोकेशन? तिसरा, मेसेज? दिवा लावायला तुमच्या साडूचा नंबर कशाला पाहिजे त्याला. मनात एवढंच विचारा की हे काम करायला ही गोष्ट खरंच लागते का, नसेल लागत तर परवानगी देऊ नका हे दाबा, आणि त्यावर अ‍ॅप चालतच नसेल तर काढून टाका. नकाशाला लोकेशन लागतं, कबूल, तिथे फक्त अ‍ॅप वापरत असताना असा पर्याय असतो तो निवडा. अँड्रॉइड १२ पासून म्हणजे २०२१ नंतरच्या फोनमध्ये कॅमेरा किंवा माइक चालू असला की वर उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते, तुम्ही कॉलवर नाही, फोटो काढत नाही आणि तरी ती दिसतेय तर खाली ओढून बघा कुठलं अ‍ॅप आहे ते.

एक परवानगी मात्र सगळ्यात वाईट, अ‍ॅक्सेसिबिलिटी. ही ज्यांना नीट दिसत नाही किंवा हात चालत नाही त्यांच्यासाठी आहे, त्यामुळे ती मिळालेलं अ‍ॅप स्क्रीनवरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. कुठल्याही खेळाला, कर्जाच्या अ‍ॅपला, बक्षिसाच्या अ‍ॅपला ही द्यायची नाही म्हणजे नाही.

आता तो सुरुवातीला म्हटलेला माणूस, घाई करणारा. याच्या कॉलचं एक उदाहरण नीट बघून ठेवा. कॉल येतो की तुमचं पार्सल आलंय, पत्ता सापडत नाहीये, डिलिव्हरीवाल्याशी बोलण्यासाठी हा नंबर डायल करा. नंबर सुरू होतो स्टारने, मग दोन-तीन आकडे, पुन्हा स्टार, पुढे एक मोबाईल नंबर आणि कधीकधी शेवटी हॅश. तुम्ही डायल करता, स्क्रीनवर काहीतरी इंग्रजी चमकून जातं, आणि तुम्हाला कळत नाही की आता तुमचे सगळे कॉल त्याच्या फोनवर जायला लागलेत. मग तो तुमच्या नंबरने स्वतःच्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप उघडतो, कोड मेसेजने नको कॉलने सांगा असं निवडतो, तो कॉल त्याच्याकडेच जातो आणि तुमचं व्हॉट्सअ‍ॅप त्याचं. मग तुमच्या नावाने तुमच्याच नातेवाइकांना पैसे मागणं सुरू. शंका आली तर *#२१# डायल करा, कॉल दुसरीकडे वळवलेत का ते दिसतं, आणि ##००२# केलं की वळवलेलं सगळं रद्द होतं. कोणी सांगितलेला स्टार-हॅशचा नंबर डायल करायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. हो, मी इथे दोन-तीन सांगितलेत, तेही डोळे झाकून घेऊ नका, आधी कुणाला तरी विचारून खात्री करा.

दुसरा प्रकार म्हणजे मदत करणारा. बँकेतून बोलतोय, तुमचं खातं बंद पडतंय, मी इथूनच दुरुस्त करून देतो, हे अ‍ॅप टाका आणि त्यात आलेला नंबर मला सांगा. ते अ‍ॅप कदाचित खरंखुरं, चांगल्या कंपनीचं असेल, कारण दुसऱ्याची स्क्रीन लांबून बघायची अ‍ॅप असतातच, पण एकदा का तो नंबर दिला की तुमच्या स्क्रीनवर येणारं सगळं त्याला दिसतं, ओटीपी धरून, सांगायचीसुद्धा गरज नाही. अशा वेळी वाद घालू नका, तुम्ही कोण, तुमचं ओळखपत्र दाखवा, काही नको, त्याच्याकडे सगळ्या प्रश्नांची पाठ केलेली उत्तरं असतात आणि भिडस्त माणूस त्यातच अडकतो. सरळ कट करा. उद्धटपणा वाटला तरी वाटू दे. खरंच बँकेचं काही असेल तर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करायचा.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली आहे, सहा आकडी पिन ठेवावा लागतो, मग वर सांगितलेला प्रकार झाला तरी समोरच्याचं काम अडतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्येच लिंक्ड डिव्हाइसेस अधूनमधून बघा, तुमचा नसलेला कॉम्प्युटर दिसला तर लॉग आउट. आणि "मामा, माझा नवीन नंबर, जरा अडचण आहे" असा मेसेज आला तर जुन्या नंबरवर फोन लावून बघा, आवाज ऐकवला तरी लावा, आता आवाजाचीही नक्कल करता येते.

बाकी किरकोळ. अपडेट आलं की वायफायवर करून घ्या, टाळू नका. फोन साफ करणारी, बॅटरी वाढवणारी अ‍ॅप घेऊ नका, उलट तीच जागा खातात. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली ठेवायचा नाही, गरम हवा जायला जागा हवी. मागचं झाकण उचलल्यासारखं वाटलं म्हणजे बॅटरी फुगलीय, तो फोन चार्जही करू नका, दाबूनही बघू नका, दुरुस्तीला न्या. ओला झाला तर बंद करा, पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नका. आणि काही फोनमध्ये बाजूचं बटण पटापट पाच वेळा दाबलं की आपत्कालीन कॉल सुरू होतो, चाळा म्हणून दाबत बसू नका.

हरवला तर? गूगलचं फाइंड हब, आधी ज्याला फाइंड माय डिव्हाइस म्हणायचे, ते दुसऱ्या कुठल्याही फोनवरून उघडून तुमचा फोन वाजवता येतो, लॉक करता येतो, पुसून टाकता येतो. पण त्यासाठी तुमचं अकाउंट आणि पासवर्ड हवा, म्हणून तो कागद. एकदा घरातच गंमत म्हणून वाजवून बघा, म्हणजे ऐनवेळी शोधाशोध नाही. आधी लॉक, मग सिम बंद, मग बँक, पुसणं सगळ्यात शेवटी, कारण पुसल्यावर फोन कुठे आहे ते दिसत नाही.

जुना फोन विकताना किंवा कुणाला देताना फोटो काढून घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढा, मग सेटिंग्जमधून गूगल अकाउंट काढा आणि त्यानंतर फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे फोन पूर्ण कोरा करा. क्रम हाच ठेवा. अकाउंट न काढता कोणी बटणं दाबून रीसेट केला तर फोन नव्या माणसाकडे जाऊन तुमचाच पासवर्ड मागत बसतो, आणि मग रात्री दहाला त्याचा तुम्हाला फोन.