मॉडेल रेल्वेचे रूळ जोडताना वीजप्रवाह अखंड कसा ठेवावा

मॉडेल रेल्वेचे इंजिन चाकांवाटे रुळांतूनच वीज घेत असल्यामुळे एखादा सैल सांधाही गाडी अडखळण्यास पुरेसा ठरतो. सांध्यावरची धातूची छोटी जोडपट्टी, म्हणजे रेल जॉइनर, रुळांची टोके एका रेषेत उत्तम धरते. परंतु वीज वाहून नेण्याचे काम केवळ तिच्यावर सोपवू नये, असे माझे ठाम मत आहे. वारंवार काढघाल केल्याने ती फाकते, आत धूळ व ऑक्साइडचा थर साचतो, आणि सांध्यागणिक व्होल्टेज थोडे थोडे घटत जाऊन कंट्रोलरपासून दूरच्या भागात गाडी मंदावते.

जोडणीपूर्वी कापलेल्या टोकांवरची धारदार कड बारीक कानशीने घासून काढावी. पट्टी सैल असल्यास पकडीने हलकेच दाबावी आणि तरीही ती सहज सरकत असेल, तर नवी घ्यावी. रूळ सपाट जागेवर ठेवून समोरासमोर सरकवावेत व सांध्यावरून बोट फिरवावे, कारण रूळ पट्टीत न शिरता तिच्यावर चढून बसला, तर संपर्क बिघडतोच आणि डबेही घसरतात.

कायमच्या मांडणीत रूळ बसवलेल्या लाकडी फलकाखालून दोन जाड मुख्य तारा न्याव्यात आणि शक्यतो प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही रुळांना त्यांपासून बारीक तारा सोल्डर कराव्यात. दोन्ही बाजूंच्या तारांचे रंग वेगळे ठेवले, तर उलटसुलट जोडणीमुळे होणारे शॉर्ट सर्किट टळते. तार रुळाच्या बाहेरच्या अंगाला लावावी, म्हणजे चाकांची कड सोल्डरला घासत नाही. फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट चिकटावे म्हणून लावायचा पदार्थ, राळेचाच असावा. आम्लयुक्त फ्लक्सने पुढे सांधा गंजतो. सोल्डरिंग आयर्न चांगले तापवून काम झटपट उरकावे आणि प्लास्टिकचे स्लीपर वितळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना धातूचे चिमटे लावावेत.

मात्र सगळेच सांधे सोल्डर करू नयेत. तापमान व आर्द्रतेनुसार रूळ आणि लाकडी फलक कमीअधिक होतात, त्यामुळे सरळ मार्गावरचे काही सांधे मोकळे सोडावेत. तेथे वीज तारांतून पोचतेच. वळणावर लवचिक रूळ वापरताना मात्र आधी सरळ ठेवून सांधा सोल्डर करावा व मगच वाकवावा, अन्यथा तेथे कोन पडतो.

खडी चिकटवण्यापूर्वी चाचणी अवश्य घ्यावी, कारण गोंद मोकळ्या सांध्यांत झिरपतो. इंजिन चालू असताना सर्वांत दूरच्या टोकाचे व्होल्टेज मल्टिमीटरने मोजून ते कंट्रोलरजवळच्या व्होल्टेजशी ताडावे. डीसीसी प्रणालीत, म्हणजे रुळांतून डिजिटल संकेत पाठवून गाड्या चालवण्याच्या पद्धतीत, मार्गाच्या प्रत्येक भागात मुद्दाम शॉर्ट सर्किट घडवण्यासाठी दोन्ही रुळांवर क्षणभर धातूचे नाणे आडवे ठेवावे. संरक्षक यंत्रणेने वीज तत्काळ तोडली नाही, तर नाणे लगेच उचलून त्या भागाच्या तारा व सांधे पुन्हा तपासावेत.