डेडलाइनच्या इंग्रजीतल्या या चुका टाळा

'आय विल सेंड द रिपोर्ट अन्टिल फ्रायडे.' हे वाक्य इतक्या ईमेलमध्ये दिसतं की आता ते कुणाला खटकतही नाही. मराठीत 'शुक्रवारपर्यंत' म्हटलं की भागतं, म्हणून इंग्रजीतही एकाच शब्दावर निभावलं जातं. पण काम त्या दिवशी किंवा आधी उरकायचं असेल तर 'बाय फ्रायडे', आणि एखादी गोष्ट तोवर चालूच राहणार असेल तर 'अन्टिल फ्रायडे'. पोर्टल अन्टिल फ्रायडे उघडं असतं, फॉर्म बाय फ्रायडे भरायचा असतो. वाक्यात 'चालू राहील' बसतंय की 'झालेलं असेल', एवढं बघायचं. नकारात मात्र 'अन्टिल' चालतं: 'इट वोन्ट बी रेडी अन्टिल फ्रायडे', म्हणजे शुक्रवारच्या आधी होणार नाही.

नुसतं 'बाय फ्रायडे'ही अर्धवटच. तारीख, तास आणि टाइम झोन लिहा. 'ईओडी' (एंड ऑफ डे, म्हणजे दिवसअखेर) लिहून मोकळं होणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, हिवाळ्यात लंडनला संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा भारतात रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. मग दिवस कुणाचा संपला?

सगळ्यात महागात पडतो तो 'क्यू १', म्हणजे आर्थिक वर्षाची पहिली तिमाही. मुख्य कार्यालय लिहितं, 'प्लीज शेअर क्यू १ नंबर्स.' त्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, तुमचं एप्रिलमध्ये. त्यांना हवे असतात जानेवारी ते मार्चचे आकडे, तुम्ही पाठवता एप्रिल ते जूनचे. दोन्ही रकान्यांवर 'क्यू १' असल्यामुळे कुणालाच शंका येत नाही. भलत्याच तिमाहींची तुलना होते, वाढीची टक्केवारी निघते, ती स्लाइडवर चढते आणि घोळ उघड होतो तो ऑडिटरने महिने विचारल्यावर. त्यामुळे शीर्षकात महिने लिहायचेच: 'क्यू १, एप्रिल–जून २०२५'. 'एफवाय २५'चंही (आर्थिक वर्ष २०२५) तेच. भारतात ते १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५, अमेरिकेच्या केंद्र सरकारसाठी १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५.

'इयर टू डेट' (वायटीडी) म्हणजे वर्षाच्या सुरुवातीपासून आजवर; गेले बारा महिने नव्हेत, त्यांना 'ट्रेलिंग ट्वेल्व्ह मन्थ्स' म्हणतात. ३१ मेला वायटीडीमध्ये जानेवारीवाल्यांचे पाच महिने येतात, एप्रिलवाल्यांचे दोनच. तसंच, बँकेतली शिल्लक 'अ‍ॅज ऑफ ३१ मार्च', पण विक्री 'फॉर द क्वार्टर एंडेड ३१ मार्च'. शिल्लक एका दिवसाची असते, विक्री सबंध तिमाहीची.

बाकीच्या थोडक्यात:

'बायवीकली' टाकून द्या. आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, यावर शब्दकोशही दोन्ही अर्थ देतात.

'नेक्स्ट फ्रायडे' म्हणजे येता की त्याच्या पुढचा? तारीख लिहा.

'प्रीपोन' (ठरलेली तारीख अलीकडे आणणं) भारताबाहेर बऱ्याच जणांना कळत नाही. 'ब्रिंग फॉरवर्ड' बरोबर आहे, तरी नवी तारीख सोबत द्याच.

'इन टू वीक्स' म्हणजे दोन आठवड्यांनी, 'विदिन टू वीक्स' म्हणजे त्या मुदतीच्या आत.

०४/०५/२०२५ हा ४ मे की ५ एप्रिल? महिना अक्षरात लिहायला दोन सेकंद लागतात, पण घाईवाल्यांना तेवढीही सवड नसते. संक्षेपांचे तक्ते पाठ करायला मात्र असते.

आणि 'मिडनाइट'ची मुदत देऊच नका. सोमवारची मध्यरात्र म्हणजे सोमवार उजाडतानाची की मावळल्यानंतरची, यावर वाद होतोच. ११:५९ पीएम लिहा.