स्कायडायव्हिंगच्या विमानांची दारं: कोणाचं मोठं, हे कसं ठरवायचं

नागपुरात कायमचा ड्रॉपझोन, म्हणजे विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारायची जागा, नाही, त्यामुळे ज्याला उडी मारायची त्याला उज्जैनचा फेस्टिवल, हरयाणातलं नारनौल नाहीतर सरळ दुबई असं काहीतरी गाठावं लागते, आणि बुकिंग करायच्या आधी पोरं फोटो पाठवून विचारून राहिले की भाऊ हे सेस्ना घेऊ का ते ट्विन ऑटर, दार कोणाचं मोठं आहे. प्रश्न बरोबर आहे. पण उत्तर काढताना सगळे रुंदी गुणिले उंची करतात आणि ज्याचा आकडा मोठा तो जिंकला म्हणून मोकळे होतात.

असं नका करू बाप्पा. हे तीन घ्या. सेस्ना कॅरॅव्हॅनचं कार्गो दार ४९ इंच रुंद आणि ५० इंच उंच, म्हणजे साधारण १२४ बाय १२७ सेंटिमीटर. पिलाटस पोर्टरचं सरकतं दार तब्बल १५८ सेंटिमीटर रुंद, पण उंची फक्त १०४. हर्क्युलिस सी-१३० चं बाजूचं पॅराट्रूपर दार ३६ इंच रुंद आणि ७२ इंच उंच, म्हणजे ९१ बाय १८३. आता गुणाकार करा, १.५८, १.६४ आणि १.६७ चौरस मीटर. कागदावर तिन्ही जवळपास सारखेच, आणि प्रत्यक्षात तिन्हीतून बाहेर पडायची तऱ्हा पूर्ण वेगळी. हर्क्युलिसच्या दारातून सैनिक ताठ चालत येतो आणि एकामागे एक असा निघतो, शेजारी दुसरा मावतच नाही. पोर्टरमध्ये ताठ उभं राहायचं नावच नाही, वाकून नाहीतर गुडघ्यावर सरकत यायचं, पण दोन-तीन जण खांद्याला खांदा लावून दारात बसू शकतात. कॅरॅव्हॅन या दोघांच्या मधात.

म्हणून पहिला नियम, क्षेत्रफळ विसरा, रुंदी आणि उंची वेगवेगळी लिहा. रुंदी सांगते एका वेळी किती जण सोबत निघतील, उंची सांगते तुम्ही कोणत्या पोझिशनमध्ये दाराशी याल. चार जणांची फॉर्मेशन, म्हणजे हवेत एकमेकांना धरून आकृती, करायची असेल तर रुंदी बघा, कारण त्यात काही जण फ्लोटर म्हणून बाहेरचा बार धरून लटकतात, बाकीचे आतून त्यांना पकडतात आणि सगळ्यांनी एकाच दमात निघायचं असते. एकटेच मारणार असाल तर एवढ्या रुंदीचं तुम्हाला काही काम नाही.

आता बाकीची मंडळी. ट्विन ऑटरचं मागचं दुहेरी दार ५६ बाय ५० इंच, म्हणजे कॅरॅव्हॅनपेक्षा उंची तेवढीच आणि रुंदी ७ इंच जास्त. ७ इंच म्हणजे काय विशेष, असं वाटते, पण एक आख्खा खांदा जास्तीचा बसतो, आणि मोठ्या ग्रुपवाले ट्विन ऑटरसाठी जीव टाकतात त्यात या ७ इंचांचा बराच हात आहे. किंग एअर याच्या अगदी उलट, त्याचं पायऱ्यांचं दार साधारण २७ इंच रुंद आणि ५१ इंच उंच. विमान चढते झपाट्यानं पण दारात गर्दी करता येत नाही, एक एक करून निघा. स्कायव्हॅनची तर गोष्टच न्यारी, मागची अख्खी बाजूच उघडते, केबिन साडेसहा फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच, सरळ चालत जा आणि निघा. सेस्ना १८२ बद्दल मी मुद्दाम आकडा देत नाही, दार जेमतेम तीनेक फुटाचं असते पण कोणतं मॉडेल आणि कोणती जंप डोअरची किट बसवली यावर फरक पडते, तिथे जाऊन मोजलेलं बरं.

मोजायचं म्हणजे कसं, ते आता सांगतो. कंपनीचा आकडा रिकाम्या चौकटीचा असते. त्यात रोल-अप, म्हणजे शटरसारखं वर गुंडाळायचं, दार बसवलं की त्याची रेल दोन्ही बाजूंनी थोडी जागा खाते, गुंडाळलेलं दार वरून खाली येते, खालच्या काठाला पट्टी नाहीतर रबर असते. तर मोजपट्टी दाराच्या चौकटीला नाही, सगळ्यात आत आलेल्या गोष्टीपासून समोरच्या सगळ्यात आत आलेल्या गोष्टीपर्यंत लावायची. तीन ठिकाणी रुंदी घ्या, वर, मधात आणि खाली, कारण काही दारांचे कोपरे गोल असतात आणि तुमचा खांदा नेमका त्या कोपऱ्यातूनच जाणार असते.

घरी करायचं असेल तर इतवारीतून एक मास्किंग टेप आणा, बस. हॉलच्या रिकाम्या भिंतीवर टेपनं दाराचा चौकोन काढा, खालची कड फरशीलाच ठेवा कारण कॅरॅव्हॅन, ट्विन ऑटरमध्ये केबिनचा फ्लोअर आणि दाराची कड जवळपास एकाच लेव्हलला असतात. मे महिन्यात हा प्रयोग गच्चीवर करायला जाऊ नका, टेप चिकटत नाही आणि तुम्हीही टिकणार नाही. मग पाठीवर कॉलेजची बॅग ठासून भरून घाला, पोटाशी हात घ्या, गुडघ्यावर बसा आणि भिंतीला आडवे होऊन बघा की डोक्यापासून वरच्या टेपपर्यंत किती जागा उरली. कॅरॅव्हॅनची केबिनच ५४ इंच उंच आहे, म्हणजे १३७ सेंटिमीटर, आणि दार त्याहून १० सेंटिमीटर कमी, सहा फुटी माणसाला दाराशी येताना मान खाली घालावीच लागते. बॅग घालून हे केलं की समजते की अडचण डोक्याची कमी आणि पाठीवरच्या ओझ्याची जास्त आहे, रिगचा, म्हणजे पाठीवरच्या पॅराशूटच्या बॅगेचा, वरचा भाग चौकटीला घासते आणि घासू द्यायचा नसते, कारण आत रिझर्व्ह, म्हणजे आणीबाणीचं पॅराशूट आहे. मित्राला शेजारी बसवा, दुसऱ्याला बसवा, कितव्याला टेपच्या बाहेर जावं लागते ते बघा. हा आकडा कोणत्याही ब्रोशरमध्ये मिळणार नाही.

दारापेक्षा दाराच्या आजूबाजूला काय आहे हे जास्त महत्त्वाचं, आणि याच्याकडे कोणी बघतच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या टलीजवळ कॅरॅव्हॅनमधून १५,००० फुटांवर १६ जणांची उडी होती, पहिला माणूस बाहेर सरकताना त्याच्या रिझर्व्हचं हँडल पंखाच्या फ्लॅपला, म्हणजे मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या पट्टीला, अडकलं, पॅराशूट उघडलं आणि तो मागे जाऊन शेपटीला लटकला. हुक नाइफनं, म्हणजे दोऱ्या कापायच्या छोट्या चाकूनं, त्यानं ११ दोऱ्या कापल्या, सुटला, मेन पॅराशूटवर उतरला, पायलटनंही विमान परत आणलं. दार तिथेही तेवढंच ४९ बाय ५०, त्यात काही खोट नाही, अडकलं ते बाहेरच्या फ्लॅपला. म्हणून तुलना करताना दाराच्या पुढे फ्लॅप किती जवळ आहे, बाहेर पाय ठेवायला स्टेप आहे का, धरायला बार कुठे आहे आणि शेपूट दाराच्या मानानं किती खाली आहे, हे चार कॉलम नक्की टाका. शेपूट खाली असलेल्या विमानातून वर उसळी मारून निघायचं नसते, खाली घसरल्यासारखं निघायचं असते.

सेस्ना १८२ चं दार उजवीकडे, पंखाखाली वर उघडते, चाकावरच्या स्टेपवर पाय, पंखाच्या तिरप्या दांड्याला हात, बहुतेक चारच जण जातात. कॅरॅव्हॅन आणि ट्विन ऑटरचं डावीकडे, मागच्या बाजूला. दार मागे म्हटलं की अजून एक भानगड. सगळे दाराशी गोळा झाले की वजन मागे जाते आणि विमान शेपटीवर बसायला लागते, बैलगाडीत सगळे मागच्या फळीवर जाऊन बसले तर जू वर उचलते ना, तसंच. म्हणून रुंद दार मिळालं म्हणजे तिथे वाटेल तितके उभे राहा असं नाही, किती जणांनी मागे यायचं ते पायलट सांगेल आणि बाकीच्यांनी पुढेच थांबायचं. स्कायव्हॅनमध्येही हेच लागू.

आणि एक, इंजिनची हवा. सिंगल इंजिनच्या विमानात प्रॉपेलरची हवा बॉडीला गुंडाळत मागे येते, त्यामुळे दार छोटं असो का मोठं, पायलटनं पॉवर कमी केली का नाही यावर बाहेर निघणं किती सोपं ते ठरते. १८२ मध्ये स्टेपवर उभं राहताना हे लगेच कळते. मोठ्या दारात उलट फ्लोटरला वारा जास्त लागते, कारण तो बाहेरच लटकलेला असते.

पहिल्यांदाच टँडेम, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबत बांधून उडी, करणार असाल तर या सगळ्यातलं फारसं काही तुम्हाला लागत नाही, इन्स्ट्रक्टर मागे बांधलेला असते आणि तोच सरकवत नेतो, फक्त तुम्ही उंच असाल तर बुकिंग करताना उंची आणि वजन खरं सांगा. वजन लपवू नका, काट्यावर उभं करतातच.

लायसन्सवाल्यांनी किंवा कोर्स करणाऱ्यांनी फोनवर एवढं विचारा: विमानाचं मॉडेल कोणतं, दार रोल-अप आहे का काढूनच टाकलंय, बाहेर बार आणि स्टेप आहे का, एका लोडमध्ये, म्हणजे विमानाच्या एका खेपेत, किती जण आणि दाराशी एका वेळी कितींना परवानगी. काउंटरवरचा नुसतंच "मोठं आहे दार" म्हणून मोकळा होत असेल तर दाराला मोजपट्टी लावून काढलेला एक फोटो मागा, मेकॅनिकला सांगितलं तर दोन मिनिटांचं काम आहे.